सहावी-सातवीतलं मूल आणि फोन: शिकवायचं काय आणि कसं

पालकसभेत हल्ली मार्कांपेक्षा फोनचाच विषय जास्त निघतो. प्रश्न बहुधा एकच असतो, "सर, रोज किती वेळ फोन द्यायचा?" पाचवी ते आठवीच्या मुलांना शिकवतो, त्यामुळे या प्रश्नामागची काळजी मला चांगली कळते. पण वेळेचा हिशेब मांडण्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात असं माझं ठाम मत आहे. मूल फोनवर नेमकं काय करतंय? आणि तिथे काही विचित्र किंवा घाबरवणारं घडलं, तर ते घरात येऊन कुणाला सांगेल का? ज्याला दिवसाला अर्धा तासच फोन मिळतो त्याच्याकडूनही त्या अर्ध्या तासात ओटीपी सांगितला जाऊ शकतो. आणि दोन तास फोन हाताळणारी एखादी मुलगी त्यावर चित्रकला शिकत असते. घड्याळाला यातला फरक कळत नाही.

या वयात फोन घरात कसा येतो ते आपण सगळे पाहतो. वर्गशिक्षक गृहपाठ व्हॉट्सअॅपवर टाकतात. शिष्यवृत्तीच्या सराव चाचण्यांची लिंक येते. क्लास सुटायला उशीर झाला तर कळवता यावं म्हणून बाबांचा जुना, काचेला तडा गेलेला फोन मुलाकडे जातो. तो फोन कायमचा त्याचा कधी झाला, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. ठरवून दिलेला नसतो, म्हणून शिकवूनही दिलेला नसतो.

'असर' ही ग्रामीण भारतातल्या शिक्षणाची मोठी पाहणी. तिच्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वर्षांच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली मुलं ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. मला यापुढचा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. समाजमाध्यमं वापरणाऱ्या या मुलांपैकी सुमारे ५५ टक्क्यांनाच आपलं प्रोफाइल खासगी कसं करायचं हे माहीत होतं. म्हणजे जवळपास निम्मी मुलं दार सताड उघडं ठेवून आत बसली होती. ही मुलं नववी-दहावीच्या वयाची. त्यांना हे शिकवायची वेळ होती सहावी-सातवीत.

हेच वय का, त्यालाही कारण आहे. स्वतःला आवरणं, पुढचा परिणाम जोखणं ही कामं मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतात आणि तो भाग विशी उलटून काही वर्षं होईपर्यंत घडत असतो. उलट मित्रमैत्रिणींनी आपल्याला चांगलं म्हणावं ही ओढ अकराव्या-बाराव्या वर्षापासूनच उफाळून येते. ओढ आधी येते आणि लगाम मागून. त्याच वेळी, या वयाची मुलं अजून आपलं ऐकतात, आपल्याशेजारी बसतात. दहावीतल्या मुलाला "दाखव बरं काय पाहतोयस" म्हटलं तर तो उठून जाईल, सहावीतला आनंदाने दाखवेल. गावाकडे पोरांना विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात, बाप किंवा काका स्वतः पाण्यात उतरतो, आणि अंदाज येईल तसा डबा सुटतो. फोनचंही तसंच टप्प्याटप्प्याने करता येतं, फक्त मोठ्या माणसाला पाण्यात उतरावं लागतं.

सुरुवात यंत्र समजून घेण्यापासून करावी. मुलांना "फोन वाईट" हे पटत नाही, पण "हे असं का बनवलंय" हे ती डोळे मोठे करून ऐकतात. शॉर्ट्स आणि रील्सना शेवट नसतो. एक संपायच्या आत दुसरं हजर. पुढचं मजेशीर निघेल की कंटाळवाणं हे आधी कळत नाही आणि नेमक्या त्या अनिश्चिततेमुळे बोट सरकत राहतं. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने उंदरांवर आणि कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत हेच दाखवलं होतं. खाऊ कधी मिळेल याचा नेम नसला, की प्राणी कळ दाबतच राहतो. अॅप बनवणाऱ्या कंपनीचा पैसा जाहिरातींतून येतो, आणि आपण जितका वेळ थांबू तितक्या जाहिराती दिसतात. सहावीच्या मुलाला एवढं अर्थशास्त्र सहज समजतं. समजलं की आपल्याला कुणीतरी धरून ठेवतंय याचा त्याला थोडा रागही येतो. तो राग कामाचा आहे.

मग एक प्रयोग घरी करून पाहा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं, आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम'. ते उघडण्याआधी मुलाला कागदावर अंदाज लिहायला सांगा. काल कोणतं अॅप किती वेळ पाहिलं असेल? फोन किती वेळा उघडला असेल? किती नोटिफिकेशन आली असतील? मग दोघांनी मिळून खरे आकडे पाहायचे. अंदाज आणि आकडा यांत जी तफावत दिसते ती कोणत्याही भाषणापेक्षा खोल जाते. त्याच बैठकीत आपल्या स्वतःच्या फोनचे आकडेही त्याच्यासमोर उघडायचे. तिथे संकोच वाटेल, पण हे टाळलं तर बाकीचं सगळं पोकळ ठरतं.

आकडे पाहून झाले की हातासरशी दोन कामं उरकून घ्या. फोन आणि मेसेज वगळता बाकी बहुतेक अॅपची नोटिफिकेशन बंद करा. यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करा, आणि जमल्यास वॉच हिस्टरी पुसून तीही बंद करा. मग यूट्यूबचं पहिलं पान जवळजवळ रिकामं दिसतं आणि हवं ते शोधून पाहावं लागतं. 'अपूर्णांकांचा भागाकार' शोधायला गेलेलं मूल वाटेत पाच ठिकाणी अडकत नाही.

वयाची अट हा असाच दुर्लक्षित विषय. व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट या सगळ्यांना किमान १३ वर्षं पूर्ण लागतात. सहावीतलं मूल ११-१२ वर्षांचं असतं. खातं उघडताना जन्मसाल पुढेमागे करून दिलं जातं, बऱ्याचदा घरातलंच कुणीतरी ते करून देतं. यात खोटेपणापेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. मुलाने २००१ साल टाकलं की ते अॅप त्याला मोठा माणूस समजतं. इन्स्टाग्रामने किशोरवयीन मुलांसाठी २०२४ मध्ये वेगळी खाती सुरू केली आणि २०२५ मध्ये ती भारतात आली. ती आपोआप खासगी राहतात, अनोळखी माणसाला त्यांत मेसेज पाठवता येत नाही आणि १६ वर्षांखालच्या मुलाला ही बंधनं सैल करायची तर पालकांची परवानगी लागते. खोट्या जन्मसालाने हे सगळं कवच निघून जातं. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूलच धरली आहे. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला त्यात मनाई आहे. पण हा कायदाही खऱ्या वयाच्या आधारावरच उभा राहतो. माझं मत सरळ आहे. १३ च्या आत इन्स्टाग्राम नको, आणि व्हॉट्सअॅप शाळेसाठी लागतच असेल तर ते आईबाबांच्या फोनवर, त्यांच्या नंबरवर.

आता वर्गाच्या ग्रुपकडे वळू. या वयातली खरी दुखणी बाहेरच्या अनोळखी माणसापेक्षा आपल्याच वर्गातून जास्त येतात. शिक्षकांचा ग्रुप वेगळा आणि मुलांनी मुलांसाठी काढलेला वेगळा. त्याला '७वी ब ओन्ली बॉइज' किंवा असंच काही नाव असतं. असे ग्रुप रात्री साडेनऊनंतर जागे होतात. स्नेहसंमेलनात कुणीतरी झोपाळलेल्या मुलाचा फोटो काढलेला असतो. त्याचं स्टिकर बनतं. पहिल्यांदा सगळे हसतात, तोही हसतो. मग ते स्टिकर प्रत्येक मेसेजला उत्तर म्हणून येऊ लागतं. दुसऱ्या दिवशी तो मागच्या बाकावर जाऊन बसतो आणि तिसऱ्या दिवशी पोटात दुखतं म्हणून शाळेत येत नाही. पूर्वी शाळेतली चिडवाचिडवी घंटा झाल्यावर शाळेतच राहायची. आता ती पांघरुणात येते.

अशा वेळी स्टिकर बनवणाऱ्याशी बोलावं लागतंच. पण मी जास्त वेळ देतो तो हसणाऱ्यांना. ग्रुपमध्ये चाळीस जण असतील तर बनवणारा एक असतो आणि हसून त्याला बळ देणारे पंधरा-वीस. त्यांना एवढंच शिकवायचं, की ग्रुपवर भांडायची गरज नाही. त्या मुलाला वेगळा मेसेज कर, "ते स्टिकर मला नाही आवडलं. उद्या डबा एकत्र खाऊ." एकट्या पडलेल्या मुलासाठी तो एक मेसेज केवढा असतो, हे मी पाहिलं आहे. शिवाय दुसऱ्याचा फोटो पाठवण्याआधी त्याला विचारायचं, दोघांतल्या बोलण्याचा स्क्रीनशॉट तिसऱ्याला दाखवायचा नाही, रागात टाइप केलेलं सकाळपर्यंत पाठवायचं नाही. या गोष्टी नियम म्हणून फळ्यावर लिहिल्या की मुलं विसरतात. घडलेल्या प्रसंगावर बोललं की लक्षात राहतात. व्हॉट्सअॅपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये 'ग्रुप्स' या ठिकाणी 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडलं की अनोळखी माणूस परस्पर कुठल्याही ग्रुपमध्ये ओढू शकत नाही, हेही त्याच बोलण्यात दाखवून टाकावं.

फॉरवर्डबद्दल बोलताना मी सातवी-आठवीच्या मुलांना राईनपाड्याची घटना सांगतो. जड आहे, पण आपल्याच राज्यातली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावात, मुलं पळवणारे लोक आलेत या संशयावरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले, भिक्षा मागायला आलेले लोक होते. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा त्याआधी मोबाइलवरून पसरत होती. ती पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाला आपण सावध करतोय, चांगलं काम करतोय, असंच वाटलं असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली. मेसेजवर दोन बाणांची खूण आणि 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' असं दिसलं, तर तो मूळ पाठवणाऱ्यापासून बऱ्याच हातांतून आलेला असतो. ती खूण दिसली की थांबायचं, आणि ही बातमी एखाद्या वर्तमानपत्रात आहे का ते शोधायचं. मुलांना हा शोध आवडतो. घरच्या ग्रुपवर आजोबांनी टाकलेला मेसेज खोटा निघाला तर तो आजोबांना नीट, आदराने कसा सांगायचा, हाही एक धडाच आहे.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण नियम थोडे आणि स्पष्ट आहेत. यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा खात्यातली शिल्लक पाहताना लागतो, पैसे घेताना नाही. पैसे मिळवायला पिन टाका असं कुणी म्हणालं तर ती फसवणूक. ओटीपी घरातल्या माणसाशिवाय कुणालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालासुद्धा नाही. गेममधले डायमंड (खेळातलं चलन) किंवा स्किन (पात्राचा वेगळा पोशाख) फुकट देतो म्हणणारी लिंक उघडायची नाही. प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय करून ठेवायची. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने देशात बंदी आली आहे, त्यामुळे "थोडे पैसे लावून खेळलं तर काय होतंय" या प्रश्नाचं उत्तर आता सोपं झालं आहे.

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचा भाग आता येतो. गेम खेळताना ओळख झालेला कुणी 'दादा' गोड बोलतो, कौतुक करतो, मग फोटो मागतो. फोटो मिळाला की आणखी मागतो, आणि नाही दिला तर वर्गात पसरवीन म्हणतो. कधी तर मुलाने काहीच पाठवलेलं नसतं. साध्या फोटोवरून बनावट नग्न फोटो तयार केलेला असतो. अशा वेळी मुलं गप्प बसतात. त्यांना त्या माणसाची भीती असतेच, पण "घरी कळलं तर फोन जाईल, मार बसेल" ही भीती त्याहून जवळची असते. धमकावणाऱ्याचं सगळं बळ या गप्पपणात आहे.

मुलींच्या बाबतीत तर ही भीती खरीच ठरते. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत फोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडेच. आधीच कमी विश्वास. त्यात काही वावगं घडलं की तिचा फोन जातो, क्लास बंद होतो, कधी शाळाही. त्रास देणारा मोकळा राहतो आणि शिक्षा तिला होते. मग ती पुढच्या वेळी का सांगेल? तिच्या मैत्रिणीसुद्धा हे पाहून शिकतात, की बोलायचं नाही.

म्हणून फोन हातात देण्याच्या दिवशीच एक वचन द्यावं. "काहीही घडलं, तुझी चूक असली तरी, तू स्वतःहून सांगितलंस तर मी फोन काढून घेणार नाही. आधी आपण मिळून ते निस्तरू." आणि हे वचन लहान गोष्टींत पाळून दाखवावं. तिने "मी चुकून नको तो व्हिडिओ उघडला" असं सांगितलं आणि आपण ओरडलो, तर मोठी गोष्ट आपल्यापर्यंत येणारच नाही.

असा प्रसंग आलाच तर काय करायचं? मेसेज पुसायचे नाहीत. समोरच्याचं खातं, नंबर, धमकीचे शब्द यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे. पैसे किंवा आणखी फोटो द्यायचे नाहीत. मग रिपोर्ट करून ब्लॉक करायचं. तो नग्न फोटो स्वतः कुणालाही पुढे पाठवायचा नाही, 'पुरावा' म्हणून नातेवाइकांनाही नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा, जितका लवकर तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार पीडित मुलाची ओळख जाहीर करायला बंदी आहे, तेव्हा "पोलिसांत गेलो तर गावभर होईल" ही धास्ती मनातून काढायला हवी. शिवाय 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवा आहे. १८ वर्षांखालच्या व्यक्तीचा असा फोटो असेल तर त्या फोटोचा आकडेरूपी ठसा आपल्याच फोनवर तयार होतो, फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. त्या ठशावरून इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्या तो फोटो ओळखून काढून टाकू शकतात.

देखरेखीची अॅप हवीत की नकोत, असंही विचारलं जातं. गुगलचं फॅमिली लिंक उपयोगी आहे. कोणतं अॅप घ्यायचं याची परवानगी पालकांकडे येते, रात्रीची वेळ ठरवता येते. पण ते मुलाला समोर बसवून, का लावतोय ते सांगून लावावं. चोरून त्याचे मेसेज वाचले आणि त्याला कळलं, तर तो सुधारत नाही, मित्राच्या फोनवर दुसरं खातं काढतो.

रात्रीच्या वेळेबाबत मात्र मी अजिबात सैल नाही. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १०, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे. फोन उशाशी असला की ती मिळत नाही, पहिल्या तासाला बाकावर डोकं ठेवणारी मुलं मी रोज पाहतो. सगळ्या घराचे फोन रात्री एकाच ठिकाणी, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत. सकाळी उठायला साधं गजराचं घड्याळ पुरतं.

हे एकट्या घराला जड जातं, कारण "सगळ्यांकडे आहे" हे उत्तर तयार असतं. त्यासाठी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने या गावाने २०२२ मध्ये ठरवलं, की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद राहतील. मुलं अभ्यासाला बसतील, मोठे वाचतील, बोलतील. करोनाकाळात ऑनलाइन शाळेमुळे मुलांना फोनची जी सवय लागली होती, तिची काळजी यामागे होती. नियम मोठ्यांनाही होता, म्हणून मुलांना तो अन्याय वाटण्याचं कारण उरलं नाही. शहरातल्या सोसायटीत भोंगा वाजवता येणार नाही, पण एका वर्गाच्या पंधरा पालकांनी एकत्र येऊन "आठवी संपेपर्यंत आमच्या मुलांना इन्स्टाग्राम नाही, आणि रात्री नऊनंतर ग्रुप बंद" एवढं ठरवलं, तरी कोणतंही मूल एकटं पडत नाही. शाळा त्यासाठी सभागृह आणि एक शनिवार देऊ शकते.

सुरुवातीला मे महिन्याची सुट्टी चांगली. परीक्षेचा ताण नसतो आणि मुलं घरात असतात. वहीच्या एका पानावर दोघांनी लिहायचं, फोन कशासाठी, कुठे आणि कधीपर्यंत, कोणतं अॅप आत्ता आणि कोणतं पुढच्या वर्षी, आणि चूक झाली तर काय करायचं. आपण काय पाळणार तेही त्याच पानावर लिहायचं, जेवताना फोन नाही वगैरे. खाली दोघांच्या सह्या. दिवाळीच्या सुट्टीत ते पान पुन्हा काढायचं आणि मुलाला आधी बोलू द्यायचं. कोणता नियम जाचक वाटला, कोणता आपण मोडला, कशात आता सूट मिळायला हवी. त्याने पाळलेल्या गोष्टींबद्दल त्याच बैठकीत थोडी मोकळीक वाढवून द्यायची.